ऑर्मसेचे सत्तावीस टोले

आर्चडीकन निवास, हारकास्टर
४ नोव्हेंबर १९८५

प्रिय मिस ॲपलगार्थ,

ऑर्मसे चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या वॉर्डन या नात्याने आपल्याला हे पत्र लिहीत आहे. आपल्या चर्चला गेली दोन वर्षे पाळक नाही. रविवारच्या उपासनेस सरासरी सात माणसे असतात. छपरावरचे शिशाचे पत्रे चोरीस गेल्यापासून उत्तरेची भिंत ओली आहे. हे सर्व लक्षात घेता ऑर्मसेचे चर्च कायमचे बंद करावे, अशी शिफारस करण्याचे समितीने योजले आहे. शिफारशीवर माझी सही असेल. आपल्या मंडळीचे काही म्हणणे असल्यास नाताळापूर्वी लेखी कळवावे.

आपला,
ॲम्ब्रोज गारसाइड
आर्चडीकन

प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. — ॲ. गा.


ऑर्मसे
९ नोव्हेंबर १९८५

आर्चडीकन साहेब,

पत्र मिळालं. सगळं टाइप केलेलं आणि प्रकृतीची ओळ तेवढी हाताने. ती तुमचीच, तुमच्या ओळी अजून उजवीकडे वर चढतात. तीस वर्षं मी या गावचं पोस्ट चालवलं, तेव्हा एवढं कळतं. पोस्टही गेल्या वर्षी बंद झालं. तेही सरासरी काढूनच.

तुमच्या माणसाने सात डोकी मोजली, त्यात स्टबलीचा कुत्रा धरलाय. आम्ही सहाच आहोत. स्टबलीला ऐकू येत नाही म्हणून तो उपदेशाला हौसेने येतो. पॉकलिंग्टन बहिणी दोघी, पण एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून दोन बाजूंना बसतात आणि चर्च जरा भरल्यासारखं दिसतं.

आता एक जुनी गोष्ट सांगते. सप्टेंबर १९४८. तुम्ही एकतीस वर्षांचे, नवे पाळक, शहरातून आलेले, बुटांना चिखल लागू नये म्हणून जपून चालणारे. तेव्हाच्या आर्चडीकनने रीतीप्रमाणे तुमचा हात धरून दाराच्या किल्लीवर ठेवला आणि मग घंटेच्या दोरीपाशी आणलं. दोरीपाशी मी उभी होते, कारण घंटा वाजवणारे माझे वडील कंबर धरून घरी पडले होते. आमच्या दलदलीच्या मुलखात नवा पाळक जितके टोले देतो तितकी वर्षं राहतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या आधीच्याने दोन दिले आणि दोन वर्षांत गेला.

तुम्ही ओढतच राहिलात. जास्त वाजवलं की लोकांना बरं वाटेल असं काहीतरी तुमच्या मनात असावं. मी मोजत होते. सत्तावीस झाले. बाहेर बायका रडायला लागल्या. माझी आई दुसऱ्या दिवशी चुन्याची बादली घेऊन तुमचं स्वयंपाकघर रंगवायला गेली. सत्तावीस वर्षं राहणाऱ्या माणसाला काळ्या भिंती बऱ्या दिसत नाहीत, म्हणाली.

तुम्ही चार वर्षांत गेलात.

मी तुम्हाला थांबवू शकले असते. दोरीला नुसता हात लावायचा होता. लावला नाही. का नाही लावला, ते तुमच्या समितीच्या कामाचं नाही.

तर मंडळीचं म्हणणं एवढंच, की चर्च बंद करायचं तर करा, पण इथे येऊन आमच्यासमोर उभं राहून सांगा. टपालाने नको. वाईट बातम्या टपालाने पाठवणारी माणसं मी जन्मभर पाहिली आहेत.

हेस्टर ॲपलगार्थ


हारकास्टर
२३ नोव्हेंबर १९८५

प्रिय हेस्टर,

हे पत्र मी स्वतः लिहितोय, म्हणून उशीर झाला.

टोल्यांची गोष्ट मला नंतर कळली. १९५२ च्या त्या शेवटच्या आठवड्यात स्टबलीने सांगितली, माझी पुस्तकं गाडीत चढवता चढवता. रागावून नाही, हवापाण्याची गोष्ट सांगावी तशी. मी तेव्हा हसलो. हारकास्टरच्या रस्त्याला लागल्यावर हसू थांबलं.

पुढचं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. कॅथीड्रलमध्ये बावीस वर्षं, आधी गायनवृंदाकडे लक्ष देणारा, मग कॅनन म्हणून तिथल्या मंडळात, आणि आता बिशपांच्या हाताखाली आर्चडीकन. बिशप आशीर्वाद देतात आणि मी पन्हळी तपासतो, कामाची वाटणी अशी आहे. मी बिशप होणार अशी हवा दोनदा झाली आणि दोनदा विरली. मधल्या काळात त्रेचाळीस नव्या पाळकांचा हात धरून मी किल्लीवर ठेवला. प्रत्येकाला दोरीपर्यंत नेताना कानात सांगतो, तीनच्या वर जाऊ नकोस. त्यांना वाटतं म्हातारा घाईत आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो मी का गेलो. कॅथीड्रलची जागा अविवाहित माणसासाठी होती. राहायला दोन खोल्या, त्यात कुटुंब मावलं नसतं, कॅथीड्रलचे प्रमुख डीन यांनी तसं स्पष्ट विचारलं होतं. त्या वर्षी मी गुरुवारची वाट पाहायला लागलो होतो. गुरुवारी तुम्ही वेदीवरची धुतलेली वस्त्रं आणून द्यायचात. डीनना मी सांगितलं, माझा तसा काही विचार नाही. देवाची हाक आली असं मी लोकांना सांगितलं. हाक डीनची होती.

आता मी नऊ खोल्यांच्या घरात राहतो. एका खोलीत शेगडी पेटते, बाकीच्या बंद. पुढच्या वर्षानंतरच्या फेब्रुवारीत मला सत्तर पुरी होतील आणि त्या दिवशी हे घर सोडावं लागेल. आम्हा पाळकांचं असंच असतं, जन्मभर देवाच्या घरात राहायचं आणि शेवटी आपलं एकही नाही. कॉझबीला समुद्रकाठी निवृत्त पाळकांसाठी एक इमारत आहे, तिथे नाव घातलंय. न्हाणीघरात एक लाल दोरी लटकते म्हणतात. पडलात तर ओढायची.

नाताळापर्यंत चर्चांच्या तपासण्या आहेत. येणं जमेलसं वाटत नाही.

ॲम्ब्रोज


ऑर्मसे
५ डिसेंबर १९८५

ॲम्ब्रोज,

गुरुवारची वस्त्रं बुधवारी संध्याकाळीच इस्त्री होऊन तयार असायची. तुम्हाला काय वाटलं, वाट तुम्ही एकटेच पाहत होता?

ते जाऊ दे. एक व्यवहाराची गोष्ट सांगते. चर्चच्या फाटकाशी जे घर आहे ते आमचं, घंटावाल्याचं. भाऊ वारल्यापासून त्याचा पुढचा अर्धा भाग रिकामा आहे. दोन खोल्या आहेत. पूर्वेचा वारा सुटला की धुराडं आत ओकतं. दुपारभर बीटाच्या गाड्या दारावरून जातात. दुसरी खोड नाही. तुम्ही निवृत्त झालात की इथे या. बिशपांच्या परवानगीने निवृत्त पाळकाला उपासना घेता येते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. चर्चला पाळक मिळाला की समिती कशाच्या जोरावर ते बंद करणार? तेवढं वर्षभर तुमची सही लांबवा, म्हणजे झालं.

सोय म्हणून सांगतेय. दया म्हणून नाही.

हेस्टर


हारकास्टर
१७ डिसेंबर १९८५

प्रिय हेस्टर,

तुमचं पत्र तीन दिवस कोटाच्या खिशात होतं. उत्तर नाही असंच आहे, आणि त्याचं कारण ऐकल्यावर तुम्ही चिडाल.

आमच्यात एक रीत आहे. पाळकाने जिथे काम केलं त्या गावी निवृत्त होऊन राहायला जायचं नाही. जुना माणूस समोर राहिला की लोक बारशाला, मयताला त्यालाच बोलावतात आणि नव्याचा जीव जातो. रीत मी घातली नाही, पण ती पाळायला लावणारा मीच आहे.

ब्रिंकलचे लॅमिंग तुम्हाला आठवत असतील, लांब मानेचे, मधमाश्या पाळणारे. ब्रिंकलला एकोणतीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथेच एक खोली घेतली. नव्या पाळकाने तक्रारही केली नव्हती. तरी मी लॅमिंगना पत्र लिहिलं. चांगलं लांब पत्र, रीत समजावून सांगणारं. महिन्याभरात त्यांनी मधमाश्यांची पोळी दुसऱ्यांना दिली आणि कॉझबीच्या त्या इमारतीत गेले. दर नाताळला त्यांचं कार्ड येतं. कार्डात तक्रार नसते. एखादी ओळ असती तर मला सोपं गेलं असतं.

आता लॅमिंगना नाही म्हटलं आणि स्वतःला हो म्हणू, हे मला जमणार नाही. मग सहीसाठी तरी कशाला थांबू? पुढच्या आठवड्यात करतो.

ॲम्ब्रोज


ऑर्मसे
२४ नोव्हेंबर १९८६

आर्चडीकन साहेब,

वर्षभर तुम्हाला लिहिलं नाही. काल शेवटची उपासना झाली, तिचा वृत्तान्त वॉर्डन म्हणून कळवणं माझं काम आहे.

आम्ही सहा आणि कुत्रा होतो. शिवाय चाळीस माणसं मोटारींतून आली. ती एरवी कधी येत नाहीत, आणि सगळ्यात जास्त तीच रडली. पॉकलिंग्टन बहिणी पहिल्यांदा एका बाकावर बसल्या. बोलल्या मात्र नाहीत. उपासना शेजारच्या गावचे टॅप्सल पाळक यांनी घेतली. पोरगा चांगला आहे. पाच चर्चेस सांभाळतो आणि मोटारीतच डबा खातो. शेवटी त्याने तुमचं पत्र वाचून दाखवलं. आर्चडीकनना ताप आहे, अंथरुणाला खिळलेत, मनाने ते आपल्यात आहेत.

घरी आल्यावर चौकशी करावी म्हणून तुमच्याकडे फोन केला. तुमच्या कामवाल्या बाईने उचलला. म्हणाली, "साहेब ना? ते बागेत आहेत, कसले तरी कागद जाळतायत. बोलावू का?" मी म्हटलं, नको, जाळू द्या.

तुम्ही आला नाहीत. मी सकाळपासून फाटकाशी उभी होते, कारण शेवटच्या घटकेला तुम्ही याल असं मला वाटत होतं. लोकांना वाटलं मी त्यांचं स्वागत करतेय.

एक गोष्ट तुम्ही चौतीस वर्षांत विचारली नाहीत, म्हणून मीच सांगून टाकते. माझं तुमच्यावर प्रेम होतं. चार वर्षं पूर्ण, आणि पुढची बरीच सवयीने. दोरीला हात लावला नाही तो त्याचमुळे. सत्तावीस ऐकू येत होते आणि मला ते हवे होते.

आता लिहू नका.

हे. ॲपलगार्थ


खोली ११, पाळक सदन, कॉझबी
१६ मार्च १९८७

प्रिय हेस्टर,

लिहू नका म्हणालात, तरी लिहितोय. उघडलं नाहीत तरी चालेल.

ताप नव्हता. त्या सकाळी मी अंगरखा घालून, मोटारीची किल्ली हातात धरून दिवाणखान्यात बसलो होतो. साडेनऊ, दहा, साडेदहा. तुमच्या दारात उभं राहून बोलायचं धाडस झालं नाही, एवढंच. पत्र आदल्या दिवशीच लिहून टॅप्सलकडे दिलं होतं, म्हणजे मी येणार नाही हे मला आदल्या दिवशीच माहीत होतं. मग उठलो आणि बागेत जाऊन सगळे उपदेश जाळले. अडतीस वर्षांचे. चांगले जळले, कोरडेच होते.

लॅमिंग जानेवारीत गेले. अंत्यविधी मीच केला. चार माणसं होती, त्यातली दोन इमारतीतली नोकर. त्यामुळे एक खोली रिकामी झाली आणि यादीत माझं नाव वर होतं. मी त्यांच्याच खोलीत आहे, हेस्टर. खिडकीच्या कठड्यावर त्यांनी ठेवलेला मधाचा रिकामा बाटला अजून आहे. मी तो हलवलेला नाही.

इथलं चर्च मोठं आहे. मी मागच्या बाकावर बसतो. मला कुणी ओळखत नाही. 'प्रभू तुम्हांबरोबर असो' असं आतापर्यंत मीच म्हणायचो आणि लोक उत्तर द्यायचे. परवा खोलीत सवयीने मोठ्याने म्हटलं आणि थांबलो. उत्तराची वाट पाहत होतो, हे जरा वेळाने लक्षात आलं.

लाल दोरी आहे. गेल्या आठवड्यात ती ओढली. पडलो नव्हतो. भिंतीतल्या स्पीकरमधून एका मुलीचा आवाज आला, "काय झालं बाबा, पडलात का?" म्हटलं, नाही, चुकून हात लागला. दोन दिवसांनी पुन्हा चुकून हात लागला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बाबा, चहा टाका आणि टीव्ही लावा. दोरी पडलेल्यांसाठी असते." बरोबर आहे तिचं.

आणखी एक. लॅमिंगच्या नावाने अजून पत्रं येतात, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक. पाकिटामागे नाव असतं मिसेस ईडिथ पास्क, ब्रिंकल. अक्षर खूप म्हाताऱ्या माणसाचं आहे. ते गेल्याचं त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. ती पत्रं मी फोडली नाहीत. दोन झालीत. टेबलावर आहेत.

काही मागायला लिहिलं नाही. कुणाला तरी खरं सांगायचं होतं, आणि माझ्या ओळखीत ते सांगण्यासारखं दुसरं कुणी नाही.

ॲम्ब्रोज


ऑर्मसे
१ एप्रिल १९८७

ॲम्ब्रोज,

पत्र उघडलं. तीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईला न उघडता पत्र ठेवा म्हणणं म्हणजे तुमचाच शहाणपणा.

आधी लॅमिंगचं. तुम्ही त्यांच्याशी वाईट वागलात. त्याची माफी द्यायला मी कोण, माझं त्यात काही गेलं नाही. पण त्यांच्या खोलीत बसून, त्यांच्या बाटल्याकडे बघत दिवस काढलेत म्हणून ते ब्रिंकलला परत जाणार नाहीत. ही शिक्षा तुम्ही स्वतःला दिलीत, आणि ती कुणाच्याच उपयोगाची नाही.

आता तुमची रीत. मी हिवाळाभर तिचा विचार करत होते. चूल पेटवताना, बटाटे सोलताना. जुन्या पाळकाने जुन्या गावी यायचं नाही, कारण नव्याला त्रास होतो. बरोबर? मग मला सांगा, ऑर्मसेला नवा पाळक कुठे आहे? चर्चच नाही. तुमच्याच सहीने बंद झालंय. ज्या गावाला पाळकच नाही तिथे तुम्ही कुणाच्या पायात येणार? तुम्ही इथे आलात तर निवृत्त पाळक म्हणून येणार नाही, घंटावाल्याच्या घरातला भाडेकरू म्हणून याल. तरी शंका नको म्हणून टॅप्सलला विचारलं. तो आता सहा गावांची धावपळ करतोय, त्यात आमचं नावाला. सँडविच तोंडात होतं. म्हणाला, "मिस ॲपलगार्थ, ते आले तर मी त्यांच्या पाया पडेन. मला दोन रविवारची सुट्टी हवीय."

पुढच्या दोन खोल्या झाडून ठेवल्यात. धुराडं साफ केलंय, तरी पूर्वेच्या वाऱ्याला ते आपलंच खरं करणार. माझं दार मागच्या बाजूला आहे, तुमचं पुढच्या. मध्ये भिंत आहे. आपल्या वयाला तेवढी भिंत बरी.

घंटा अजून वर आहे. मंगळवारी, चौदा तारखेला, ती उतरवायला माणसं येणार आहेत. बस शनिवार आणि बुधवारीच असते, तेव्हा शनिवारी सव्वातीनच्या बसने या. किल्ली माझ्याकडे आहे. आत जाऊ आणि तुम्ही एक टोला द्या. एकच. सत्तर वर्षांच्या माणसाने वर्षापलीकडचा शब्द देऊ नये. मी दोरीपाशी उभी असेन, आणि या वेळी हात लावून थांबवीन.

मनुक्यांचा प्लम ब्रेड करून ठेवते. तुम्हाला लोणी जास्त लागतं ते आठवतं.

हेस्टर


कॉझबी
८ एप्रिल १९८७

प्रिय हेस्टर,

सामान बांधलं. दोन पेट्या झाल्या, पुस्तकं धरून. सत्तर वर्षांचं एवढंच निघालं याचं मला जरा आश्चर्य वाटलं.

शनिवारी मात्र येत नाही. रागावू नका, शेवटपर्यंत वाचा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लॅमिंगच्या नावाने तिसरं पत्र आलं. मी मिसेस पास्कना कळवायला कागद पुढे ओढला, 'कळवण्यास खेद वाटतो' एवढं लिहिलं आणि तुमचं वाक्य आठवलं. टपालाने नको. कागद फाडला. शनिवारी मी ब्रिंकलला जातो, त्यांच्या दारात उभं राहून सांगतो. लॅमिंग गेले हे सांगीन, आणि त्यांना ब्रिंकलमधून कुणी घालवलं तेही. मग त्या घरात घेतील की दार लावतील, ते त्यांचं. तिथून सोमवारपर्यंत निघायला गाडी नाही, आणि तुमच्याकडची बस बुधवारी. म्हणजे पंधरा तारीख.

घंटा चौदाला जाणार. मला माहीत आहे. टॅप्सलला फोन करून ती माणसं थांबवता येतात का विचारणार होतो, मग म्हटलं नको. आर्चडीकनसारखे हुकूम सोडायची सवय आता मोडली पाहिजे. तुम्ही शनिवारी माझ्यासाठी फाटकाशी उभ्या राहू नका. मागे एकदा राहिलात तेवढं खूप झालं.

बुधवारी सव्वातीनला उतरेन. चर्चकडे न जाता घराला वळसा घालून मागच्या बाजूला येईन, तुमच्या दाराशी. घंटा नसली तरी हरकत नाही, दारावर एकदाच टकटक करीन. तुम्ही मोजा.

ॲम्ब्रोज